खोक्यातून आलेले विमान

विमानाची हौस राजेरजवाड्यांनी करावी, असा एक काळ होता. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांना उड्डाणाचे इतके वेड होते की त्यांनी आपल्या संस्थानात विमानतळ आणि फ्लाइंग क्लब उभा केला. त्याच राजस्थानात, जयपूरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर असलेल्या बनस्थली विद्यापीठात साध्या घरांतल्या मुली कित्येक वर्षांपासून विमान चालवायला शिकत आल्या आहेत. चालवण्याची विद्या अशी सामान्यांपर्यंत आली. पण विमान स्वतःचे असणे? तेही आता तितकेसे अशक्य राहिलेले नाही. मात्र त्यासाठी विमान विकत घ्यायचे नसते. ते खोक्यांतून मागवायचे आणि घरी जोडायचे असते.

अशा सुट्या भागांच्या संचाला ‘किट’ म्हणतात. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे. तिच्या किटवरून हौशी लोकांनी बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. ती बांधणाऱ्यांत शिक्षक, दंतवैद्य, शेतकरी, निवृत्त गृहस्थ असे सगळे आले. आपल्याकडे बंगळूरच्या राजहंस अल्ट्रालाइट्स या कंपनीने ‘एक्स-एअर’ हे नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले दोन आसनी विमान तयार केले आणि त्याची किट परदेशांतही गेली. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात राहणाऱ्या मूळच्या केरळच्या एका इंजिनिअरने दक्षिण आफ्रिकेहून ‘स्लिंग’ या चार आसनी विमानाची किट मागवली, घराच्या आवारात शेड बांधली आणि कोरोनाच्या बंदीकाळात विमान जोडून काढले. २०२२ मध्ये त्याच विमानातून तो कुटुंबासह फिरू लागला. सुमारे एक लाख चाळीस हजार पौंड खर्च आल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले होते. लंडनच्या आसपास एवढ्या पैशांत धड घरही मिळत नाही.

अमेरिकेत या विमानांसाठी एक गमतीचा नियम आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेले असले पाहिजे. म्हणजे कंपनीने पत्रे कापून, भोके पाडून द्यावीत. रिव्हेट ठोकायचे ते तुम्हीच.

हे वाचून एखाद्या घरात कोणाच्या डोक्यात किडा वळवळू लागला, तर घरच्यांनी घाबरून जायचे कारण नाही. घाबरायचे ते ऑर्डरचा फॉर्म पाहिल्यावर.

फॉर्मवरचे चौकोन

किटची जी किंमत जाहिरातीत असते, ती बहुधा नुसत्या सांगाड्याची असते. पंख, शेपटी, धड आणि ते जोडायचे खिळेरिव्हेट. इंजिन वेगळे, पंखा वेगळा, समोरची घड्याळे वेगळी, बैठका आणि रंग वेगळे. लग्नाच्या हॉलचे भाडे ऐकून वधूपिता खूष व्हावा आणि मग जेवण, मांडव, विजेची रोषणाई अशी एकेक यादी पुढे यावी, तसा हा प्रकार आहे. सांगाड्याची किंमत ऐकून हिशेब करणारा माणूस अर्ध्या वाटेवर हमखास अडकतो.

फॉर्मवर शेजारी शेजारी चौकोन असतात आणि प्रत्येकात खूण करायचा मोह होतो. म्हणून खूण करण्याआधी एका कागदावर स्वच्छ लिहून काढावे, की आपण हे विमान नेमके कशासाठी उडवणार आहोत. रविवारी सकाळी तासभर आकाशात चक्कर मारायची आहे, की जोडीदाराला घेऊन तीनशे किलोमीटरवरच्या गावी जायचे आहे? उतरायचे कोठे, डांबरी धावपट्टीवर की मुरमाच्या पट्ट्यावर? बहुतेक नव्या हौशी माणसांच्या मनात वर्षातून एकदा घडेल अशी लांबची सफर असते, आणि त्या एका सफरीसाठी ते बाकीच्या पन्नास रविवारांचे विमान महाग आणि जड करून ठेवतात.

सर्वांत मोठा चौकोन इंजिनाचा. लायकमिंगसारखी जुन्या घडणीची इंजिने दणकट असतात. त्यांतली अनेक साधारण दोन हजार तासांनी किंवा बारा वर्षांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावीत, असे उत्पादकच सांगतो. पण ती जड असतात आणि त्यांना सहसा ‘अ‍ॅव्हगॅस’ हे खास पेट्रोल लागते. मोठ्या प्रवासी विमानांत भरतात ते इंधन येथे चालत नाही. अ‍ॅव्हगॅस आपल्या देशात २०२२ पर्यंत पूर्णपणे बाहेरून येत असे. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. तरी ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरीकडे ऑस्ट्रियाचे रोटॅक्स इंजिन आहे. ऐंशी-शंभर अश्वशक्तीचे, हलके, आणि मोटारीच्या पेट्रोलवर चालणारे. ऐकायला फारच छान. पण त्याच्या पोटाला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल सोसते, असे कंपनीने सांगून ठेवले आहे, आणि आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. परदेशी मासिकात ‘कमी खर्चाचे’ म्हणून वाचलेले इंजिन आपल्या गावी आल्यावर कमी खर्चाचे राहीलच असे नाही. ऑर्डरपूर्वी हा एक प्रश्न उत्पादकाला पत्राने विचारून त्याचे उत्तर फाइलला लावून ठेवलेले बरे.

जुने इंजिन स्वस्तात मिळते. त्याचे लॉगबुक, म्हणजे जन्मापासूनची नोंदवही, अखंड नसेल तर ते फुकटसुद्धा घेऊ नये. विमानाचा पंखा कधी जमिनीला आपटला असेल तर आतला दांडा तडकलेला असू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

पंख्याचेही तसेच. साध्या पंख्याची पाती एका कोनात पक्की असतात. तो चढायला चांगला घ्यावा तर वेगात मागे पडतो, वेगाला चांगला घ्यावा तर चढताना दमतो. पात्यांचा कोन उडताना बदलणारा पंखा दोन्ही कामे नीट करतो, पण वजन, किंमत आणि देखभाल या तिन्हींत भर घालतो. घाटातल्या छोट्या पट्टीवरून दोन माणसे घेऊन उडायचे असेल तर तो घ्यावा. रविवारच्या चकरीला त्याची गरज नाही.

काही चौकोन मात्र अगदी लहान असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. शेजारच्या बैठकीसमोरचे ब्रेक, पंखातून वायरी ओवायची पोकळ नळी, गंज धरू नये म्हणून पत्र्याला आतून लावायचा प्रायमर. यांचे पैसे किरकोळ असतात. पण पंखाचा पत्रा एकदा रिव्हेट मारून बंद झाला की आत नळी सरकवणे म्हणजे शिवलेल्या गोधडीत नव्याने अस्तर घालण्यासारखे आहे. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेत ज्याला विमान ठेवायचे आहे, त्याने प्रायमरच्या चौकोनावर आधी खूण करावी आणि चामड्याच्या बैठकीकडे नंतर पाहावे.

समोरच्या पडद्यांचे उलटे आहे. पूर्वी गोल घड्याळे असत, आता उंची, वेग, नकाशा सारे एकाच काचेवर दिसते. ही काच फॉर्म भरतानाच घ्यावी असा मोह आवरत नाही. पण विमान जोडायला हजार-दोन हजार तास लागतात. नोकरी सांभाळून ते काम तीन-चार वर्षे चालते. तोवर ती काच खोक्यातच जुनी होते आणि तिची हमीही संपते. ती शेवटी घ्यावी. आधी फक्त जागा आणि वायरिंग यांचा विचार करून ठेवावा.

डोक्यावरची काच हीदेखील निवडीची बाब. व्हॅन्सच्या काही विमानांत ती पुढे उचलणारी किंवा मागे सरकणारी अशी दोन प्रकारांत मिळते. उचलणारीतून चौफेर छान दिसते. पण वैशाखात धावपट्टीकडे जाताना काचेखाली माणसाचा हुरडा होतो, आणि सरकणारी काच तेव्हा थोडी उघडी ठेवता येते. अमेरिकेतल्या थंड गावातला माणूस ही गोष्ट सांगणार नाही.

आता काही काम कंपनीकडून आधीच करून घेण्याविषयी. जास्त पैसे भरले की पंख आणि धड बरेचसे जोडून मिळते. यातला खरा फायदा म्हणजे पेट्रोलच्या टाक्या तयार येतात. टाकी गळू नये म्हणून आतून लावायचा चिकट काळा लुकण ज्याने एकदा हाताळला, तो कपड्यांना, दाराच्या कडीला आणि चहाच्या कपाला लागलेला काळा डाग वर्षभर पाहतो. घरातली शांतता हवी असेल तर या चौकोनावर खूण करायला हरकत नाही.

किलोचा हिशेब

सोन्याच्या दुकानात जसे गुंजेगुंजेचे वजन होते, तसे विमानात किलोचे होते. अमेरिकेत २००४ पासून दोन दशके छोट्या ‘स्पोर्ट’ विमानांना भरलेल्या वजनाची ६०० किलोची मर्यादा होती. तोच आकडा धरून पाहू. समजा, रिकामे विमान ३५० किलोचे आहे. शंभर लिटर पेट्रोलचे ७२ किलो. उरले १७८. पती ७५ किलोचे, पत्नी ६५ किलोची. उरले ३८ किलो.

आता फॉर्मवर खुणा करू. संकटात अख्खे विमान खाली आणणारी हवाई छत्री, १५ किलो. चामडे आणि गालिचा, ६ किलो. दुसरा पडदा आणि आपोआप विमान सांभाळणारी यंत्रणा, ५ किलो. चकचकीत रंगाचे जादा थर, ६ किलो. उरले ६ किलो. म्हणजे दोघांनी दोन दिवसांचे कपडे न्यावेत आणि सासरच्यांसाठी मिठाईचा पुडा घरीच ठेवावा. यातली छत्री ही जीव वाचवणारी गोष्ट आहे, तिच्यावर टीका नाही. पण छत्री आणि गालिचा दोन्ही हवे म्हणणाऱ्याला पेट्रोल कमी भरावे लागेल, आणि कमी पेट्रोल घेऊन निघणे हा हौशी वैमानिकांचा फार जुना घात आहे.

याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेचे लोकप्रिय गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात विमान कोसळून गेले. ते ५३ वर्षांचे होते. विमान ‘लाँग-ईझेड’ जातीचे, घरी बांधलेले, आणि त्यांनी नुकतेच दुसऱ्याकडून विकत घेतलेले. या विमानात दोन टाक्या असतात आणि एकीतले पेट्रोल संपत आले की एक कळ फिरवून दुसरी चालू करायची असते. मूळ नकाशात ही कळ वैमानिकाच्या पुढ्यात, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली. पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत, असा त्याचा विचार होता. विचार वाईट नव्हता. पण ती कळ फिरवायची तर मान आणि अंग वळवून मागे हात घालावा लागे, आणि ती फिरायलाही जड होती. उड्डाणापूर्वी पेट्रोल भरून देऊ का, असे विचारल्यावर डेन्व्हर यांनी नको म्हटले. तासाभराचेच काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशीत निष्कर्ष निघाला की कळीशी झगडताना त्यांचे लक्ष विमानावरून उडाले आणि पाय नकळत रडरच्या पायपट्टीवर दाबला गेला. कळीची ती गैरसोयीची जागा आणि तयारीतली अपुरी काळजी यांचाही उल्लेख चौकशी अहवालात आहे.

म्हणजे एका माणसाने वर्कशॉपमध्ये केलेली ‘सुधारणा’ अनेक वर्षांनी दुसऱ्याच्या जिवावर आली. ज्याने कळ हलवली त्याला ती कोठे आहे हे पाठ होते. नव्या मालकाच्या हाताला ती ठाऊक नव्हती.

त्याच लाँग-ईझेडवरून आपल्याकडेही काम झाले, हे फार जणांना ठाऊक नसते. बर्ट रुटन या अमेरिकन माणसाच्या या आराखड्यावर आधारलेले एक हलके संशोधन-विमान बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत प्राध्यापक रुस्तम दमानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तयार केले. पुढे त्यापासूनच संरक्षण संशोधन संस्थेने वैमानिकाविना उडणारे विमान विकसित केले आणि दमानियांच्या आठवणीसाठी त्याला ‘रुस्तम’ हे नाव दिले. आराखड्यात बदल त्यांनीही केले, पण प्रत्येक बदल तपासायला त्यांच्यामागे एक अख्खी प्रयोगशाळा होती. गॅरेजमधल्या माणसामागे बहुधा एक मेहुणा आणि एक शेजारी असतो.

चारकोपची गच्ची

फॉर्मच नसेल, सगळेच आपले आपण निवडायचे असेल, तर काय होते? याचे उत्तर मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला मिळते. जेट एअरवेजमध्ये वैमानिक राहिलेले कॅप्टन अमोल यादव यांनी १९९८ च्या सुमारास विमान बांधायला घेतले. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्याचे गाडे परवानगीत अडले. तिसरे विमान सहा आसनी, राहत्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ, कंप्रेसर, वेल्डिंगची यंत्रे आणि परदेशातून आणलेले सुमारे १८० किलोचे इंजिन हे सारे गच्चीपर्यंत चढवावे लागले. एकत्र कुटुंबाने यासाठी कोट्यवधी रुपये उभे केले. त्यासाठी घरातले दागिनेही गेले, असे यादव यांनी वेळोवेळी सांगितले आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये हे विमान क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले, तेव्हा लोकांनी गर्दी केली. पण विमान तयार असणे आणि उडवण्याची मुभा असणे यांत किती अंतर असते, ते पुढे दिसले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. उडवून पाहण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी झाली ती ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे पहिल्या प्रयत्नापासून बावीस वर्षे. या चिकाटीला नमस्कारच करावा. पण घरात लहान मुले आणि कर्जाचे हप्ते असलेल्या माणसाने तिचे अनुकरण करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना बसवून बोलावे. आपण स्वतः सहा वर्षे थांबू शकतो, पण गहाण टाकलेले दागिने थांबत नाहीत.

म्हणून इथल्या माणसाने पैसे पाठवण्यापूर्वी महासंचालनालयाला लेखी विचारावे. कोणती किट, कोणते इंजिन, कोणत्या वर्गात नोंदणी, तपासणी कोण आणि कितीदा करणार. हौशी विमानाने भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत, तेव्हा ‘पुढे धंदा करून खर्च काढू’ हा हिशेब मांडूच नये. विमान ठेवायला शेड कोणत्या धावपट्टीवर मिळते आणि तिचे महिन्याचे भाडे किती, हेही तेव्हाच पाहावे.

ठेवीची जोखीम

कंपनी नावाजलेली आहे म्हणून सगळे पैसे आधी भरणेही शहाणपणाचे नाही. २०२३ मध्ये व्हॅन्ससारख्या जुन्या कंपनीवरच पाळी आली. लेसरने कापलेल्या काही भागांत भोकांपासून तडे जाऊ लागले, आधी जोडून दिलेल्या काही भागांत गंजाची तक्रार आली, भाग बदलून देण्याचा खर्च वाढला, आणि त्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. ज्यांच्या ऑर्डरी बाकी होत्या, त्यांना वाढीव किंमत मान्य करा नाहीतर ऑर्डर सोडा, असे सांगण्यात आले. कंपनी २०२४ मध्ये त्यातून बाहेर पडली आणि काम पुढे चालू आहे. पण पाच वर्षांपुढच्या खोक्याचे पैसे आज भरून बसलेल्या माणसाची ते महिने झोप उडाली असणार, यात शंका नाही.

सुदैवाने अशा कंपन्या किट तुकड्यातुकड्यांनी विकतात. पहिले खोके बहुधा शेपटीचे असते. ते एवढेच मागवावे. शेपटीत पत्रे, रिव्हेट, कोन, मापे असे सगळे थोडथोडे असते, त्यामुळे हाताला कामाची ओळख होते आणि घराला आवाजाची. खोके उघडल्याबरोबर आतली यादी काढून एकेक भाग आणि रिव्हेटची पाकिटे मोजून घ्यावीत, कारण काही कमी आले तर सांगायची मुदत ठरलेली असते. मग सहा महिन्यांनी पाहावे. शेपटी पुरी होऊन भिंतीवर टांगलेली असेल, तर पंखांचा फॉर्म भरावा. ती जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणाखाली गेलेली असेल, तर शेपटीचेच पैसे गेले म्हणायचे. असे अर्धवट राहिलेले खोके विकत घेणारी हौशी माणसेही जगात पुष्कळ आहेत.